आठवीनंतर कोण गळतं?

लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेच्या पोटात बसलेला छोटासा डोंगराळ देश. चारही बाजूंना एकच शेजारी. तिथल्या माध्यमिक शाळांत डोकी मोजली तर मुली जास्त भरतात, आणि हे आजकालचं नाही, कित्येक दशकांचं आहे. २०१० च्या दशकात तिथे शंभर मुलग्यांमागे सव्वाशेच्या वर मुली माध्यमिक शाळेत होत्या. कारण अगदी घरगुती आहे. गुरं-मेंढरं राखायची ती मुलग्यांनी. पोरगा जरा हाताशी आला की कळपामागे डोंगरावर जातो आणि महिनोन्महिने वरच्या चराऊ ठाण्यांवर दगडी खोपटात राहतो. दुसऱ्याचा कळप राखला तर वर्षाचा मोबदला बहुधा जनावरांतच मिळतो: एखादी गाय, नाहीतर डझनभर मेंढ्या. मोठं झाल्यावर शेजारच्या देशात सोन्याच्या खाणीवर जायचं, हा तिथल्या पुरुषांचा बापजाद्यांपासूनचा रस्ता. खाणीत उतरायला शाळेचा दाखला कुणी मागत नव्हतं. मुलीला कळपामागे धाडायची रीत नाही, खाणीत तिला काम नाही. ती शाळेत जात राहिली.

मंगोलियातही असंच घडलं, पण एकदम. समाजवादी काळात गुरांचे कळप सामूहिक होते आणि भटक्या पशुपालकांची मुलं वसतिगृहात राहून शिकत. १९९० नंतर कळप खासगी झाले. घरची जनावरं वाढली, ती सांभाळायला माणसं हवी झाली, आणि आईबापांनी मुलग्यांना शाळेतून काढून घोड्यावर बसवलं. मुली शिकत राहिल्या. काही वर्षांतच वरच्या वर्गांत त्यांची संख्या मुलग्यांच्या बरीच पुढे गेली.

शाळा सुटते ती मुलींचीच, असं जे चित्र आपल्याकडे मनात पक्कं बसलेलं असतं, त्यात हे देश मावत नाहीत. जगाचा आकडाही मावत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २५ कोटी मुलं शाळेबाहेर होती. त्यांत मुली १२.२ कोटी आणि मुलगे १२.८ कोटी. मुलगे थोडे जास्तच. एवढ्यावरून 'मुलींचा प्रश्न सुटला' असं कुणी म्हणू लागलं तर त्याला मध्य आफ्रिकेतल्या चाड या देशाचा आकडा दाखवावा. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे माध्यमिक शाळेत शंभर मुलग्यांमागे मुली पन्नासही नव्हत्या. लेसोथो आणि चाड यांची सरासरी काढली तर दोन्ही टोकं झाकली जातील. सरासरीचा हा गुणच आहे.

आता हे मोजतात कसं, ते थोडं पाहायला हवं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. युनेस्कोची आकडेवारी संस्था कॅनडात माँट्रियलला आहे. देशोदेशींचा शाळांचा पट तिथे जमा होतो. माध्यमिक वर्गांत नाव असलेली सगळी मुलं, भागिले त्या वर्गांच्या वयाची देशातली एकूण मुलं, हा झाला स्थूल पटनोंदणी दर. यात गंमत अशी की तो शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. नापास होऊन त्याच वर्गात बसलेला वीस वर्षांचा मुलगा वर मोजला जातो, खाली मोजला जात नाही. मुलींचा दर भागिले मुलग्यांचा दर केलं की मिळतो लिंगसमानता निर्देशांक. तो ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असला की समानता आली असं धरतात.

यात एक गणिती तिढा आहे. एखाद्या देशात मुलींचा दर ४० आणि मुलग्यांचा ८० असेल तर निर्देशांक ०.५ येतो. दुसऱ्या देशात नेमकं उलटं असेल तर तो २ येतो. दोन्हीकडे विषमता सारखीच, पण १ पासूनचं अंतर एकीकडे अर्धं आणि दुसरीकडे पूर्ण एक. म्हणजे मुलग्यांची पिछेहाट कागदावर दुप्पट दिसते. म्हणून मुली पुढे असतील तिथे युनेस्को भागाकार उलटा करून तो २ मधून वजा करते. मग दुसऱ्या देशाचा आकडा १.५ येतो आणि पारडी सारखी होतात. मात्र दुसरा तिढा कुठल्याच सूत्रानं सुटत नाही. मुली २० आणि मुलगे २० असले तरी निर्देशांक एकच येतो, आणि ९५-९५ असले तरी एकच.

प्राथमिक शाळेपेक्षा माध्यमिक शाळेत ही दरी जास्त का उघडते? पहिली गोष्ट रस्त्याची. प्राथमिक शाळा गावात असते, हायस्कूल चार गावांत मिळून एक. दुसरी गोष्ट वयाची. बारा-तेराव्या वर्षी मूल कामाचं होतं, आणि मुलगी बऱ्याच समाजांत लग्नाची होते. घर तेव्हा एक हिशोब करतं: हे मूल शाळेत गेलं तर घरचं काय अडतं, जायला-यायला काय पडतं, आणि शेवटी हाती काय येतं. लेसोथोत हिशोब मुलग्याच्या विरुद्ध जातो, चाडमध्ये मुलीच्या. 'संस्कृती' नावाच्या एका मोठ्या गाठोड्यात हे सगळं कोंबण्यापेक्षा हिशोबातली एकेक रक्कम वेगळी काढून पाहावी, असं माझं मत आहे, कारण ती बदलता येते.

याचा सर्वात चांगला पुरावा बिहारमधला आहे. २००६ मध्ये बिहार सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत नववीत मुलींचा पट वाढला. पण हे सायकलीमुळेच झालं कशावरून? त्याच काळात बिहारमध्ये रस्ते होत होते, शिक्षक भरती चालली होती, कायदा-सुव्यवस्थाही सुधारत होती. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी हा गुंता सोडवायला तिहेरी तुलना केली. रस्ते आणि शिक्षक मुलग्यांनाही मिळाले, म्हणून मुलींची वाढ मुलग्यांच्या वाढीशी ताडली. मुलींचं प्रमाण सगळीकडेच हळूहळू सुधारत होतं, म्हणून सायकल मिळालेल्या वयाच्या मुली आणि योजना येण्याआधी ते वय ओलांडलेल्या थोरल्या मुली यांच्यात ताडलं. आणि हा सगळा फरक पुन्हा शेजारच्या झारखंडशी लावून पाहिला. झारखंड २००० सालापर्यंत बिहारचाच भाग होता, आणि तिथे ही योजना नव्हती.

इतकं चाळून जे उरलं ते असं: मुलींची वयानुरूप माध्यमिक पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी दरी ४० टक्क्यांनी घटली. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. आणि मला सर्वात पटलेला भाग म्हणजे ही वाढ मुख्यतः अशा गावांत दिसली जिथून हायस्कूल लांब होतं. शाळा दारातच होती तिथे सायकलीनं फारसं काही केलं नाही. दोन हजार रुपयांचा मोह एवढंच कारण असतं तर वाढ सगळीकडे सारखी दिसायला हवी होती. सायकलीनं रस्ता लहान केला, आणि एकटीनं चालत जाण्याऐवजी मुली घोळक्यानं जाऊ लागल्या. पुढे आफ्रिकेत झांबियातही शाळकरी मुलींना सायकली देऊन प्रयोग झाला. शाळेत पोचायचा वेळ साधारण एक तृतीयांशानं कमी झाला आणि गैरहजेरीही घटली.

महाराष्ट्रात हेच काम बऱ्याच अंशी एसटीनं केलं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, मागास तालुक्यांत मानव विकास योजनेच्या गाड्या शाळेच्या वेळा धरून धावतात. गाडी वेळेवर आली नाही की त्या दिवशी शाळा बुडते, हे तालुक्याच्या कुठल्याही हायस्कूलच्या मुलीला विचारावं. पण आपल्याकडे घराच्या हिशोबातली एक रक्कम अशी आहे जी पासानं हलत नाही. ऊसतोडीची मजुरी जोडीवर ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यामागे. एकट्या पोराला उचल कमी. शिवाय आईबाप सहा महिने फडावर जाणार, तर वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. लग्न लावून दिलं की दोन्ही प्रश्न एका दमात सुटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हाच आकडा जवळपास ४४ टक्के होता.

हिशोबातल्या या लग्नाच्या बाबीला थेट हात घातला तो बांगलादेशनं. १९८२ मध्ये चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती उपजिल्ह्यात छोट्या प्रमाणात सुरू झालेली मुलींची शिष्यवृत्ती १९९४ मध्ये ग्रामीण भागात देशभर नेली गेली. सहावीला महिना २५ टका, दहावीला ६०. रक्कम मोठी नव्हती, पण तिच्या अटी नेमक्या होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात जमा होत. फी सरकार परस्पर शाळेला देई, त्यामुळे खासगी हायस्कूलांनाच मुली हव्याशा झाल्या. मुख्याध्यापक आपणहून घरोघरी फिरले तरी नवल नाही. १९९१ ला माध्यमिक शाळांत ११ लाख मुली होत्या, २००५ पर्यंत त्या ३९ लाख झाल्या. आज तिथे माध्यमिक वर्गांत मुली मुलग्यांपेक्षा जास्त आहेत, आणि शिष्यवृत्ती पुढे गरीब मुलग्यांनाही लागू करावी लागली. बालविवाहाचं प्रमाण मात्र अजूनही प्रचंड आहे. शिष्यवृत्तीनं मुलींना वर्गात आणलं, लग्न थोडं पुढे ढकललं, थांबवलं नाही.

अटी घालाव्यात की नाही यावर आफ्रिकेतल्या मलावीमध्ये, झोंबा जिल्ह्यात, वेगळा प्रयोग झाला. काही मुलींच्या घरांना शाळेच्या अटीवर पैसे दिले, काहींना विनाअट. शाळेत टिकण्याचं प्रमाण अटीवाल्या गटात जास्त राहिलं. पण लवकर लग्न आणि गरोदरपण जास्त घटलं ते विनाअट गटात, कारण ज्या मुलींनी शाळा सोडली त्यांच्याही हातात पैसे येत राहिले. अट घातली की नेमकी सर्वात अडचणीतली मुलगी योजनेबाहेर पडते.

सगळ्या समजुती अशा प्रयोगांत टिकतातच असं नाही. मासिक पाळीमुळे मुली शाळा सोडतात, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासावंसंही वाटत नाही. नेपाळमध्ये चितवनला एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन यांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलींना मासिक पाळीचे कप दिले, काहींना दिले नाहीत, आणि हजेरी दोघींची तपासली. पाळीपायी बुडणारी शाळा वर्षाच्या १८० दिवसांत अर्धा दिवससुद्धा भरली नाही, आणि कपांनी हजेरीत फरक पडला नाही. एका भागातला, छोटा प्रयोग आहे. त्यावरून सोयी नकोत असं निघत नाही, मुलींना त्या हव्यातच. पण गळतीचं कारण म्हणून पाळीवर बोट ठेवून मोकळं होणं सोपं पडतं, एवढं त्यातून दिसतं. याउलट स्वच्छतागृहांचा परिणाम खरा निघाला. अंजली अडुकिया यांनी भारतातल्या शाळांची आकडेवारी तपासली तेव्हा लहान मुलांना कुठलंही स्वच्छतागृह चाललं. वयात आलेल्या मुलींचा पट वाढला तो त्यांच्यासाठी वेगळं असेल तिथेच.

काही ठिकाणी दार सरकारनंच बंद केलं. टांझानिया आणि सिएरा लिओन या देशांत गरोदर मुलींना शाळेत बसू देत नसत. सिएरा लिओननं ही बंदी २०२० मध्ये उठवली, तीही पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयानं फटकारल्यावर. टांझानियानं २०२१ मध्ये. अफगाणिस्तानची गोष्ट याहून वेगळ्याच जातीची. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबाननं माध्यमिक शाळा उघडल्याचं जाहीर केलं आणि त्या फर्मानात फक्त मुलग्यांचा उल्लेख होता. २३ मार्च २०२२ ला मुली दप्तरं घेऊन शाळेत आल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवण्यात आलं. सहावीनंतर मुलींना शाळा नाही, हा नियम तेव्हापासून कायम आहे. २०२४ मध्ये युनेस्कोनं अशा किमान १४ लाख मुली मोजल्या. इथे सायकल, शिष्यवृत्ती, वेगळं स्वच्छतागृह, कशाचाच उपयोग नाही, कारण कित्येक घरांचा हिशोब मुलीच्या बाजूनंच लागलेला होता.

भारताचा निर्देशांक सध्या छान दिसतो. २०२१-२२ च्या यू-डायस या शाळांच्या सरकारी आकडेवारीत नववी-दहावीला मुलगे आणि मुली दोघांचाही दर ८० च्या जरासा खाली होता, आणि अकरावी-बारावीला मुली किंचित पुढे, दोघंही साठीच्या आतच. दहावीनंतर दोघंही सारखीच गळतात, तर ही कसली समानता, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. आणखी एक गोष्ट या भागाकारात उतरतच नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' पाहणीत वर्षानुवर्षं दिसतं की खासगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण जास्त आणि सरकारी शाळांत मुलींचं. घर एकच; मुलाला फी भरून इंग्रजी माध्यमात, मुलीला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे अनुदानित हायस्कूलात. आता जिल्हा परिषदेच्या शाळा वाईटच असतात असं नाही, काही तर खासगीला मागे टाकतात. पण पैसे कुणावर खर्च करायचे हे त्या घरानं ठरवलेलं असतं, आणि निर्देशांकात ती दोन्ही मुलं एकेक अशीच मोजली जातात. यू-डायसच्या तक्त्यांत शाळेच्या व्यवस्थापनानुसार मुलगे आणि मुली वेगवेगळे दिलेले असतात. आपल्या राज्याचा आकडा बघायचा तर तो तिथे बघावा.