ख्रिस्ती विश्वासातील वाढ आणि स्थैर्य

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यानंतर माणसाच्या अंतःकरणात आणि वागण्यात आयुष्यभर होत राहणारा बदल, आणि छळ, मोह, शंका किंवा मरगळ आली तरी त्या विश्वासाला धरून राहणे, या दोन गोष्टींचा ख्रिस्ती परंपरा एकत्रच विचार करते. बायबलच्या नव्या करारात, येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी दोन्ही आज्ञा लागोपाठ येतात : आपल्या स्थैर्यापासून ढळू नका, प्रभूच्या कृपेत आणि ज्ञानात वाढत जा (३:१७-१८). पाश्चात्त्य ईश्वरशास्त्रात वाढीच्या अंगाला ‘पवित्रीकरण’ आणि टिकण्याच्या अंगाला ‘शेवटपर्यंतचा धीर’ म्हणतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या ‘दैवीकरण’ म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे ही संज्ञा वापरतात. दोन्ही अंगे वेगळी काढून शिकवली तर दोन्हींचे नुकसान होते. केवळ वाढीचा ध्यास घेतलेला माणूस एका अनुभवानंतर दुसऱ्या अनुभवामागे धावतो, आणि केवळ स्थैर्य जपणाऱ्याला स्वतःचा हट्टच विश्वास वाटू लागतो.

शास्त्रातील (बायबलमधील) आधार : येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क ४) खडकाळ जमिनीवरचे बी लगेच उगवते, कारण तिथे माती खोल नसते, आणि मूळ नसल्यामुळे ऊन चढताच ते करपते. येशू त्याचा अर्थ सांगतो तो असा : वचन आनंदाने स्वीकारणारे, पण संकट किंवा छळ येताच अडखळणारे लोक. काटेरी झुडपांतले बी करपत नाही, ते गुदमरते. प्रपंचाची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींची हाव त्याला फळ येऊ देत नाही. छळापुढे विश्वास मोडला तर सगळ्यांना दिसते. सुखवस्तू आयुष्यात तो क्षीण झाला तर ज्याचा त्यालाही कळत नाही. म्हणून दाखल्याचा हा भाग अधिक काळजीने वाचायला हवा. चांगल्या जमिनीतले पीकही सारखे नसते : कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट. लूकच्या शुभवर्तमानात या फळाबरोबर ‘धीर’ हा शब्द जोडलेला आहे (८:१५).

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. तिथली मुख्य आज्ञा ‘माझ्यामध्ये राहा’ ही आहे. फळ देणाऱ्या फाट्यालाच माळी छाटतो, हेही तिथेच सांगितले आहे, आणि दुःख आले म्हणजे देवाने आपल्याला टाकले असे मानणाऱ्यांना या वाक्याने पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी लावले, अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाने पाणी घातले, पण वाढवणारा देव होता (१ करिंथ. ३:६). त्याच पत्रात तो त्यांना अजून दुधावरची बाळके म्हणतो, आणि तसे म्हणण्याचे कारण त्यांच्यातला हेवा आणि तंटे हे आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही हीच तक्रार येते : एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, तरी तुम्हाला अजून दूधच लागते (५:१२). ज्ञानाच्या बाबतीत करिंथकर कमी नव्हते. तरी त्यांना अपरिपक्व ठरवले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

माघार आणि परत येणे : स्थैर्याचा ख्रिस्ती अर्थ समजून घ्यायला पेत्राची कथा सर्वांत उपयोगी पडते. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू परत फिरलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, असे येशू त्याला अटकेच्या आधीच सांगतो (लूक २२:३२). त्याच रात्री पेत्र तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो. येशूच्या बोलण्यात पडणे आणि परतणे दोन्ही आधीच धरलेले आहे, आणि भावांना स्थिर करण्याचे काम मिळते तेही याच पडलेल्या माणसाला.

हा प्रश्न पुढे मंडळीपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डिशियस याने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी वाहून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. पपायरसवर लिहिलेली अशी प्रमाणपत्रे इजिप्तमध्ये सापडली आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला. काहींनी पैसे देऊन नुसते प्रमाणपत्र मिळवले. छळ ओसरल्यावर यांतले पुष्कळजण परत आले. रोममध्ये नोव्हेशियन याने त्यांना मंडळीत पुन्हा जागा नाही अशी भूमिका घेतली आणि वेगळा पंथ काढला. कार्थेजचे बिशप सिप्रियन हे छळाच्या काळात स्वतः लपून राहिले होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली २५१ मध्ये कार्थेजला भरलेल्या धर्मसभेने प्रत्येकाच्या अपराधाचे स्वरूप पाहावे, दीर्घ पश्चात्ताप करवून घ्यावा, पण आशेचे दार बंद करू नये असे ठरवले. पुढच्या छळात, २५८ मध्ये, सिप्रियन यांनी माघार घेतली नाही आणि त्यांचा शिरच्छेद झाला. परत येणाऱ्यांच्या बाबतीत मुख्य मंडळीने सिप्रियन यांचीच वाट धरली. तसे झाले नसते तर ख्रिस्ती मंडळी ही कधीच न पडलेल्यांची छोटी टोळी बनून राहिली असती.

मरगळ आणि कोरडेपणा : ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यावर रोमन साम्राज्यात छळ थांबत गेला, आणि स्थैर्याची कसोटी बाहेरून आत सरकली. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी या आतल्या कसोटीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांतील इव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली, आणि त्यांपैकी ‘अकेडिया’ म्हणजे मनाची मरगळ हिला सर्वांत जड ठरवले. भर दुपारी ती साधूला गाठते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, नजर पुन्हापुन्हा खोलीबाहेर जाते, राहती जागा नकोशी होते, सोबत्यांमध्ये प्रेम उरलेले नाही आणि दुसरीकडे कुठे गेलो तर साधना सोपी होईल असे विचार येतात. यावरचा उपाय साधा आणि कठीण होता : खोली सोडू नये. जॉन कॅसियन यांनी ही शिकवण पश्चिमेकडे नेली. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांच्या नियमाने साधूला शपथेत बांधले ते एकाच मठात आणि एकाच बंधुवर्गात राहण्यासाठी. मात्र त्याच शपथेत जीवन सतत पालटत ठेवण्याचे वचनही होते. जागा बदलली नाही तर माणसाला स्वतःला बदलावे लागते, हा या जोडीमागचा अनुभव.

प्रार्थनेत काहीच न जाणवणे हा काळ पुष्कळ भाविकांना येतो, आणि त्या वेळी आपला विश्वास गेला असे ते समजतात. सोळाव्या शतकातले स्पेनमधील संत, क्रूसाचे योहान यांनी या अवस्थेला ‘अंधारी रात्र’ म्हटले आणि तिच्यातून देव माणसाला सुखद अनुभवांच्या आसक्तीतून मोकळे करतो असे सांगितले. त्याच शतकातले, येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला अधिक व्यवहारी आहे. मनाच्या उदास अवस्थेत आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना, मनन आणि आत्मपरीक्षण थोडे वाढवावे. उदासीची तीन कारणे त्यांनी दिली आहेत. आपलाच निष्काळजीपणा, आपली परीक्षा, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे शिकवण्याची देवाची रीत. पहिले कारण त्यांनी वगळले नाही, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक कोरडा काळ म्हणजे संतपणाची खूण, असे समजण्याला त्यामुळे वाव राहत नाही. (दीर्घकाळची खिन्नता हा आजारही असू शकतो, आणि तिथे प्रार्थनेच्या जोडीला वैद्यकीय उपचार घेणे ही विश्वासाची उणीव नव्हे.)

स्थिर राहणे आणि वाढणे यांचे नाते सर्वांत खोलवर मांडले ते चौथ्या शतकातील नायसाचे बिशप ग्रेगरी यांनी. मोशेला देव खडकावर उभा करतो आणि मग आपले तेज त्याच्यासमोरून नेतो (निर्गम ३३). या प्रसंगावर लिहिताना ग्रेगरी म्हणतात की इथे उभे राहणे आणि पुढे जाणे एकच आहे : चांगल्यामध्ये माणूस जितका घट्ट उभा, तितका तो पुढे सरकतो. वाळूच्या चढावर धावणाऱ्याचे पाय घसरत राहतात, श्रम होतात आणि अंतर कापले जात नाही. पौल मागील गोष्टी विसरून पुढे धावतो (फिलिप्पै. ३:१३), त्यावरून देव अनंत असल्यामुळे त्याच्याकडे जाण्याची ही वाटचाल कधीच संपत नाही, असा निष्कर्ष ग्रेगरी यांनी काढला.

मतभेद : टिकून राहणे देवाच्या हाती आहे की माणसाच्या, यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या अखेरीस, ४२८-४२९ च्या सुमारास, शेवटपर्यंतचा धीर हीदेखील देवाची देणगी आहे असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी सिप्रियन यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर केलेल्या विवेचनाचा आधार घेतला. भाविक जे रोज मागतो ते त्याच्या स्वतःजवळ असते तर मागितलेच नसते, असा तो युक्तिवाद. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका स्पष्ट केली : ही देणगी आपल्याला मिळणारच अशी पूर्ण खात्री कोणी बाळगू नये, पण देवाच्या साहाय्यावर दृढ आशा ठेवावी. मार्टिन ल्यूथर यांच्या परंपरेतील ल्यूथरन मंडळ्या विश्वास गमावला जाऊ शकतो असे मानतात. याउलट १६१८-१६१९ च्या नेदरलँड्समधील डॉर्ट येथील सभेने देव आपल्या निवडलेल्यांना अखेरपर्यंत राखतो हे सुधारित (कॅल्विनच्या परंपरेतील) मंडळ्यांचे मत निश्चित केले. तिच्या ठरावांत दावीद आणि पेत्र यांच्या पतनाचा उल्लेख आहे, म्हणजे खरा विश्वासणारा घोर पाप करूच शकत नाही असे त्या सभेचेही म्हणणे नव्हते. या मताला विरोध करणारे डच ईश्वरशास्त्रज्ञ आर्मिनियस यांचे अनुयायी आणि पुढे मेथॉडिस्ट यांनी कृपा नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला शेवटपर्यंत असते असे मानले. आचरणाच्या पातळीवर मात्र सर्वांची शिकवण जवळ येते. ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण तुमच्यामध्ये कार्य करणारा देव आहे’ या पौलाच्या वाक्याचे (फिलिप्पै. २:१२-१३) दोन्ही भाग कोणालाच सोडता येत नाहीत.

साधने : प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना (२:४२). शास्त्रवाचन, प्रभुभोजन, उपवास, पापकबुली, दानधर्म ही सारी साधने याच चौकटीत वाढली. बाराव्या शतकातील साधू गिगो दुसरा याने शास्त्रवाचनाच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या, आणि त्या आजही अनेक पंथांत शिकवल्या जातात.

यांपैकी सहभागितेकडे व्यक्तिगत भक्तीच्या काळात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इब्री लोकांस पत्र एकत्र येणे न सोडण्याची ताकीद देते ती नेमकी टिकून राहण्याच्या संदर्भात (१०:२३-२५). अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या कामात याचे बोलके उदाहरण सापडते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले गेले, आणि गटप्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची असे ठरले. घरोघरी जाताना प्रमुखांना कोणाचे कसे चालले आहे ते दिसू लागले. कोणी व्यसनात होता, कोणाच्या घरात भांडणे होती. मग हेच गट दर आठवड्याला एकत्र बसून आपापल्या आत्मिक स्थितीविषयी बोलू लागले, आणि मेथॉडिस्ट चळवळीचा कणा तोच झाला. प्रभावी प्रवचन ऐकून हललेली मने पुढेही टिकतील यासाठी कोणीतरी नावानिशी विचारपूस करावी लागते, याची वेस्ली यांना पक्की जाणीव होती.

वाढीच्या खुणा : गलतीकरांस पत्रात आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन ही यादी येते (५:२२-२३). यांतले बहुतेक गुण दुसऱ्या माणसाच्या सहवासातच पारखले जातात. निरनिराळ्या भाषा बोलणे, संदेश देणे, ज्ञान, डोंगर ढळवणारा विश्वास किंवा सर्वस्वाचे दान यांना पौल प्रीतीवाचून काहीच किंमत देत नाही (१ करिंथ. १३). आपण किती वाढलो हे सतत मोजत बसणे हाही एक सापळा आहे, कारण त्यात नजर ख्रिस्तावरून स्वतःकडे वळते. अधिक भरवशाची खूण पौलाच्या पत्रांत दुसरीकडे सापडते : कोणी अपराधात सापडला तर आत्मिक वृत्तीच्या लोकांनी त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणावे, आणि तसे करताना स्वतःही मोहात पडू नये म्हणून जपावे (गलती. ६:१).