संग्रहालय झालेलं जहाज तळाला रुतवलेलं असतं का?

"जुन्या मालवाहू जहाजाचं संग्रहालय केलं की तळात सिमेंट ओतून जागेवर बसवतात, ते तरंगत नाही," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे तो पटतो. शिवाय लंडनच्या ग्रीनिचमधलं 'कटी सार्क' हे जुनं जहाज खरंच कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, आहे. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

पण जर्मनीत हॅम्बुर्गला धक्क्याशी बांधलेलं 'कॅप सॅन डिएगो' तरंगतंच. १९६१ साली पाण्यात उतरवलेलं हे जहाज संग्रहालय झाल्यावरही स्वतःच्या इंजिनावर फेरी मारून आलं आहे.

पडताळणी सोपी आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाला, ते किती मीटर पाण्यात बुडालंय ते दाखवणारे आकडे रंगवलेले असतात. हॅम्बुर्गला भरती-ओहोटीने पाणी तीन मीटरहून जास्त वरखाली होतं. जहाज रुतलेलं असतं तर भरतीला बरेच आकडे बुडाले असते. भरतीचा आणि ओहोटीचा फोटो शेजारी ठेवा: पाणी जवळपास त्याच आकड्याला टेकलेलं दिसेल.

एवढं लांब कशाला? हौदात स्टीलची वाटी सोडा, तिच्यात मूठभर शेंगदाणे टाका आणि हौद भरायला लावा. पाणी चढेल तशी वाटीही चढेल, शेंगदाणे कोरडेच.