लोकसभेकडे याचिका : व्याख्या नसलेल्या शब्दांचा अर्थ कसा लावला जातो

लोकसभेकडे याचिका करण्यासाठी वकील नेमावा लागत नाही आणि खासदाराची ओळखही अनिवार्य नाही. केंद्रीय कायदेमंडळात याचिकांसाठी समिती १९२४ सालापासून आहे. तरीही अनेक याचिका दाखल होण्यापूर्वीच परत येतात, आणि अर्जदार नमुन्यात काय चुकले हे शोधत राहतो. बहुतेक वेळा नमुना बरोबरच असतो. अडसर असतो तो लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील अशा तीन-चार शब्दांचा, ज्यांची व्याख्या त्या नियमांत कुठेही दिलेली नाही.

अशा शब्दांचा अर्थ लावण्याचा क्रम मात्र ठरलेला आहे. नियम २ च्या पहिल्या भागात सदस्य, खासगी सदस्य, लॉबी, पटल अशा काही शब्दांच्या व्याख्या आहेत. त्यात शब्द सापडला नाही, तर त्याच नियमाचा दुसरा भाग सांगतो की जे शब्द राज्यघटनेतही आले आहेत त्यांचा अर्थ, संदर्भाने वेगळे सुचवले नसेल तर, घटनेतलाच घ्यावा. घटनेचा अर्थ लावताना अनुच्छेद ३६७ प्रमाणे १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे कायद्यांत नेहमी येणाऱ्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) लागू होतो. तिथेही उत्तर मिळाले नाही, तर लोकसभेच्या अध्यक्षांनी वेळोवेळी दिलेले निदेश (लेखी सूचना) आणि पूर्वीचे निर्णय पाहिले जातात, आणि जे कशातच बसत नाही ते नियम ३८९ नुसार अध्यक्ष ठरवतील तसे चालते. कार्यपद्धतीत अनियमितता झाली एवढ्याच कारणावरून संसदेच्या कामकाजाची वैधता न्यायालयात विचारता येत नाही, असे अनुच्छेद १२२ सांगतो. म्हणून शब्दकोशातला अर्थ किंवा आपल्या वकिलाचे मत यांवर विसंबून याचिका लिहू नये. वाचणारा ती याच क्रमाने वाचणार आहे.

नियम १६० प्रमाणे अध्यक्षांच्या संमतीने तीन प्रकारच्या विषयांवर याचिका करता येते : प्रसिद्ध वा मांडलेले विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेल्या कामकाजाशी संबंधित बाब, आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताची बाब. सर्वाधिक याचिका तिसऱ्या प्रकारात अडतात. ‘सर्वसाधारण सार्वजनिक हित’ म्हणजे काय, हे नियम थेट सांगत नाहीत; त्यात काय येत नाही, एवढे चार अपवादांतून सांगतात. आपले थकलेले निवृत्तिवेतन हा अन्यायच आहे, पण तो एका व्यक्तीचा अन्याय म्हणून मांडला की याचिकेत बसत नाही. त्याच खात्यातील सगळ्या निवृत्तांना लागू होणारा नियम सदोष असेल, तर तो दोष मुख्य विषय करावा आणि स्वतःचे प्रकरण उदाहरण म्हणून एका परिच्छेदात द्यावे.

पहिला अपवाद सर्वांत चकवणारा आहे. न्यायालय, चौकशी न्यायालय, वैधानिक न्यायाधिकरण किंवा प्राधिकरण, अर्धन्यायिक मंडळ वा आयोग यांच्या कक्षेत येणारी बाब याचिकेतून वगळली आहे. अर्जदार समजतात की आपण दावा लावलेला नाही म्हणजे अडचण नाही. मात्र नियमाची भाषा प्रलंबित दाव्याची नसून कक्षेची आहे. त्याला लागूनच कायद्यात उपाय उपलब्ध असेल तर याचिका नको, हाही अपवाद आहे, आणि त्यात केंद्र सरकारचे नियम, विनियम व उपविधी यांतले उपायही धरले जातात. म्हणून याचिकेतच एक परिच्छेद लिहून टाकावा : कोणता उपाय वापरून पाहिला, तिथे काय उत्तर मिळाले, आणि मागणी कायद्यातच बदल करण्याची असल्यामुळे कोणतेही न्यायाधिकरण ती का पुरी करू शकत नाही. हा परिच्छेद कोणी मागत नाही, त्यामुळे कोणी लिहीतही नाही, आणि याचिका तिथेच अडते.

राज्य विधानमंडळात ‘सामान्यतः’ उपस्थित करावी अशी बाबही चालत नाही. हा ‘सामान्यतः’ मोजायला घटनेची सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्यातल्या विषयांच्या वाटणीची यादी, हाताशी घ्यावी. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यसूचीतले विषय. रेल्वे, टपाल आणि राष्ट्रीय महामार्ग संघसूचीतले. सांगलीच्या गटारांची तक्रार दिल्लीला पाठवून काही साधणार नाही, ती महाराष्ट्र विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे जायला हवी; मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाची मात्र लोकसभेकडे जाऊ शकते. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही, सूचीत गेले, त्यामुळे तिथे मागणी केंद्रीय कायद्याबद्दल आहे की राज्याच्या अंमलबजावणीबद्दल, हे स्पष्ट लिहावेच लागते. उरलेला अपवाद स्वतंत्र प्रस्ताव किंवा ठरावाद्वारे मांडता येण्याजोग्या विषयांचा आहे. न्यायाधीशांच्या वर्तनावर संसदेत चर्चा अशा प्रस्तावाद्वारेच होऊ शकते, म्हणून त्याविरुद्धच्या याचिका त्यात अडकतात.

मुदतीबाबतचा गैरसमज ‘प्रलंबित’ या शब्दावरून होतो. अधिवेशन संपले म्हणजे विधेयकही संपले, असे समजून लोक याचिका पाठवायचे सोडून देतात. इथे उत्तर घटनेतच आहे : अनुच्छेद १०७ प्रमाणे सत्रसमाप्तीमुळे विधेयक व्यपगत होत नाही, म्हणजे आपोआप संपत नाही. लोकसभा विसर्जित झाली, तर मात्र लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक संपते, आणि लोकसभेने संमत केल्यावर राज्यसभेत अडकलेलेही, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीचा मार्ग सोडला तर, संपते. राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने अजून संमत न केलेले विधेयक तेवढे टिकते. निवडणूक जवळ आली असताना हा फरक पाहूनच याचिकेला हात घालावा.

कागदपत्रांबाबत फार सांगण्यासारखे नाही. याचिका सभागृहाला उद्देशून असावी, भाषा सभ्य आणि संयत असावी, आणि शेवटी नेमकी प्रार्थना, म्हणजे मागणी, असावी. प्रत्येक सही करणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही असावी. लिहिता येत नसल्यास अंगठा. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिल्यास यांपैकी एका भाषेतला अनुवाद सहीसह जोडावाच लागतो, आणि मराठी अर्जदार नेमके हेच विसरतात. पत्रे, प्रतिज्ञापत्रे, इतर कागद याचिकेला जोडू नयेत. पुराव्याची जाडजूड फाइल जोडण्याची आपली सवय इथे उलट अंगावर येते. त्यातला आवश्यक मजकूर याचिकेतच उतरवावा. खासदाराने याचिका मांडायची असेल तरच त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, अन्यथा ती महासचिवांकडे पाठवता येते.

याचिका नियमांत बसत नसेल, तर वाट बंद होत नाही. अध्यक्षांच्या निदेशांप्रमाणे याचिका समिती, जिच्यात १५ सदस्य असतात आणि मंत्री नसतात, साध्या निवेदनांचाही विचार करते. मात्र निनावी, नाव-पत्ता नसलेली किंवा वाचता न येणारी पत्रे थेट फाइलबंद होतात. मंत्रालयाला लिहिलेल्या पत्राची ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ असा शेरा मारून पाठवलेली प्रतही त्याच गठ्ठ्यात जाते. या प्रतीतच गाऱ्हाणे दूर करण्याची स्पष्ट विनंती लिहिलेली असेल तरच ती विचारात घेतली जाते. तेव्हा शेवटी दोन ओळी जास्तीच्या लिहाव्यात : हे निवेदन समितीने विचारात घ्यावे, आणि अमुक कारवाई व्हावी.