जुन्या गेमचा आवाज नव्या कॉम्प्युटरवर

गेम चालतो, चित्र दिसते, पण आवाज नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांचे स्पीकर बहुतेक वेळा ठणठणीत असतात. तेव्हा कृपया एवढ्यासाठी नवीन साउंड कार्ड विकत घेऊ नका.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळातले गेम साउंड ब्लास्टर या त्या वेळच्या साउंड कार्डाशी थेट बोलत, आणि ते कार्ड ठरलेल्या पत्त्यावरच शोधत: पोर्ट (कार्डाचा पत्ता) 220, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची वाट) 5 किंवा 7, डीएमए (मेमरीतून थेट डेटा नेण्याची वाट) 1. ही कार्डे मदरबोर्डवरच्या आयएसए नावाच्या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसत. आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉट नसतो आणि बोर्डावरची आवाजाची चिप त्या पत्त्यावर सापडत नाही. 64 बिट विंडोजवर तर डॉसचे गेम उघडतच नाहीत.

यावर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम उत्तम आहे. तो साउंड ब्लास्टर 16 सकट अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. मात्र गेमचा सेटअप, म्हणजे आवाजाचे पर्याय निवडायचा प्रोग्रॅम, डॉसबॉक्सच्या आतूनच चालवा. तिथे संगीत आणि इतर आवाज यांची निवड बऱ्याचदा वेगवेगळी असते; अनेकजण एकच निवडून थांबतात. आयआरक्यू 7 ठेवा, कारण डॉसबॉक्समध्ये मुळात तोच असतो. संगीतासाठी आधी ॲडलिब (एक जुने साउंड कार्ड) हा पर्याय लावून पाहा. त्या काळच्या कित्येक चाली त्यातल्या यामाहा चिपसाठीच बांधलेल्या होत्या आणि त्या तशाच ऐकाव्यात, असे आमचे मत आहे. आवाज तुटत असेल तर कंट्रोल धरून एफ12 दाबत डॉसबॉक्सचा वेग वाढवा; फार वाढला तर कंट्रोल धरूनच एफ11 ने कमी करा. ‘डेंजरस डेव्ह’मध्ये मात्र सेटिंग शोधू नका, त्याचा आवाज फक्त पीसी स्पीकरचाच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या बीप करणाऱ्या छोट्या स्पीकरचा, आहे.

सगळे आवाज येतात, पण संगीत गायब? मग सीडीकडे पाहा. 1996 च्या ‘क्वेक’सारख्या गेमचे संगीत फाइलमध्ये नव्हतेच. ते गाण्यांच्या सीडीसारखे वेगळ्या ट्रॅकवर होते. फोल्डर कॉपी केला की ते ट्रॅक मागे राहतात. सीडीची प्रत असलेल्या आयएसओ फाइलमध्येही ते येत नाहीत. सीडीची बिन (सगळा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी करून डॉसबॉक्सला क्यू फाइल दाखवावी लागते. ही जोडी आम्ही करून देतो.

विंडोज एक्सपीच्या काळातल्या गेममध्ये घुमणारा, चहूबाजूंचा आवाज ईएएक्स या क्रिएटिव्ह कंपनीच्या तंत्रामुळे मिळे. व्हिस्टापासून विंडोजने डायरेक्टसाउंडची (गेमचा आवाज कार्डाकडे पाठवणाऱ्या विंडोजच्या भागाची) कार्डापर्यंतची थेट वाट बंद केली, त्यामुळे तो सपाट झाला. क्रिएटिव्हचे कार्ड असेल तर त्यांचा ॲल्केमी हा प्रोग्रॅम, नसेल तर मोफत मिळणारे डीएसओएएल हे सॉफ्टवेअर वापरून तो बऱ्याच गेममध्ये परत मिळतो.

दुकानात येताना मूळ सीडी किंवा फ्लॉपी जरूर आणा. फ्लॉपी असेल तर फार दिवस थांबू नका. तिच्यावरचा डेटा काळाबरोबर वाचेनासा होतो. आम्ही आधी तिची प्रत काढतो आणि मग आवाजाचे काम हाती घेतो.