एसीपी आच्छादन (खानदेश)

इमारतीच्या बाहेरील भिंतीवर ॲल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यांचे (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल, म्हणजेच एसीपी) आवरण चढवण्याची पद्धत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारपेठांतील सराफी पेढ्या, दवाखाने, पतसंस्था आणि महामार्गालगतची शोरूम यांच्या दर्शनी बाजूला हे काम सर्रास दिसते. फॅब्रिकेटर त्याला नुसते ‘शीट’ म्हणतात.

शीटमध्ये पाव ते अर्धा मिमी जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये बहुधा पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचा गाभा असतो. एकूण जाडी साधारणतः ३ किंवा ४ मिमी. असा माल १९६९ साली युरोपात ‘अल्युकोबाँड’ नावाने बाजारात आला. बाहेरच्या कामाला पीव्हीडीएफ या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रंगलेपाची शीट लागते. पॉलिएस्टर लेपाची स्वस्त शीट आतल्या सजावटीला ठीक; खानदेशच्या उन्हात तिचा रंग लवकर उडतो.

शीटच्या मागच्या बाजूने राउटरने (फिरत्या पात्याच्या कोरणी यंत्राने) इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडतात, समोरचा पत्रा शाबूत ठेवतात आणि कडा हाताने दुमडून उथळ ट्रे करतात. अँकर फास्टनरने भिंतीला धरलेल्या ॲल्युमिनियम पाइपांच्या सांगाड्यावर हे ट्रे बसतात. जोडात फोमची दोरी दाबून वर सिलिकॉन भरतात. संरक्षक फिल्मवर बाण छापलेले असतात. सगळे बाण एकाच दिशेला हवेत, नाहीतर मेटॅलिक रंगाच्या शेजारशेजारच्या शीट वेगवेगळ्या छटांच्या दिसतात. फिल्म महिनोन्‌महिने उन्हात ठेवली की तिचा गोंद पत्र्याला धरून बसतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो, हिवाळ्यात तो १० च्या खालीही येतो. उन्हातला पत्रा तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पत्रा १० वरून ७० अंशांवर गेला, तर आठ फुटी शीट लांबीत सुमारे साडेतीन मिमी वाढते. तेवढी फट जोडात सोडली नसेल तर शीट पोट काढते.

खरा प्रश्न शीटमागच्या पोकळीचा आहे. ती खाली-वर उघडी असेल तर गरम हवा निघून जाते, भिंत कमी तापते. पण इथे बरेचसे काम जुन्या इमारतीचा तोंडवळा बदलण्यासाठी होते: खिडक्या झाकल्या जातात, कडा सिलिकॉनने बंद होतात आणि कोंडलेल्या उष्णतेची भरपाई एसीच्या बिलात होते. जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारची झळ आत पोहोचू देत नाही. ४ मिमीच्या शीटकडून ती अपेक्षाच चुकीची.

आगीत हीच पोकळी धुरांड्याचे काम करते. पॉलिइथिलीन वितळते, पेटते आणि जळते थेंब खाली टाकते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये अशाच गाभ्याच्या आच्छादनावरून आग वर चढली आणि ७२ जण दगावले. त्यानंतर २०१८ मध्ये इंग्लंडने १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यावर बंदी घातली. यावर पर्याय म्हणजे खनिज भरलेल्या गाभ्याची, आगीला बऱ्याच प्रमाणात दाद न देणारी शीट. ती महाग पडते. दर्शनी बोर्डाची वायरिंग आणि एसीच्या केबल सांगाड्यातूनच ओढण्याची बाजारातली सवय पाहता, निदान दवाखाने आणि वरच्या मजल्यावर क्लास भरणाऱ्या इमारतींसाठी हा खर्च टाळता कामा नये. मजल्यामजल्याला पोकळीत आगरोधक अडसरही हवा.

केवळ दुहेरी टेपवर चिकटवलेली शीट मे-जूनच्या वादळात सुटते. रिव्हेट किंवा स्क्रू लागतातच. धूळ सौम्य साबणाच्या पाण्याने धुतात आणि सिलिकॉनच्या भेगा पावसाळ्यापूर्वी तपासतात.