हँडीवर ऑस्ट्रेलिया ऐकू येतो ही भानगड आली कुठून

कोथरूडच्या फ्लॅटमधे बसून ५ वॅटच्या हँडीवर, म्हणजे हातातल्या रेडिओवर, कुणी मेलबर्नच्या हॅमशी, म्हणजे लायसनवाल्या हौशी रेडिओवाल्याशी, गप्पा मारताना दिसला की नवीन लोक हमखास विचारतात, एवढ्या लांब जातं कसं? जात नाहीच. आपला दोन मीटर बँड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो, मधे टेकडी आली की संपलं, आणि पुण्यात टेकड्यांना काय तोटा!

लांबचं ऐकायचं तर शॉर्टवेव्ह, म्हणजे वरच्या वातावरणावरून परतून लांब उतरणाऱ्या लहरी. नोव्हेंबर १९२३ मधे अमेरिकेतला फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधला लिओं डेलॉय अटलांटिकपार दोन्ही बाजूंनी बोलले, अर्थात मोर्समधे, आणि तेव्हापासून हौशी लोकांना तेच वेड. पण त्याला लांब तार लागते, गच्ची लागते, सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्जी लागते (हे सगळ्यात अवघड), वर सूर्याचं ११ वर्षांचं चक्र मंदावलं की वरचे बँड महिनोन्महिने मेल्यासारखे पडून. व्हीएचएफवाल्यांनी (आपला दोन मीटर त्यातलाच) डोंगरावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा जोरात हवेत सोडणारे रेडिओ, लावले, टप्पा वाढला, पण जिल्ह्या-दोन जिल्ह्यांपुरताच.

१९९७ मधे कॅनडातल्या डेव्ह कॅमेरॉनने दोन गावांतले रेडिओ इंटरनेटने जोडून बघितले. आधी विंडोजवर केलं, ते सारखं बंद पडायचं, मग गडी लिनक्सवर गेला आणि त्यातून आयआरएलपी हे इंटरनेटने रेडिओ जोडायचं जाळं उभं राहिलं. त्याची अट कडक होती, आत यायचं ते रेडिओवरूनच, कॉम्प्युटरला माइक लावून नाही. २००२ मधे जोनाथन टेलरचं इकोलिंक आलं आणि त्याने ती अटच काढून टाकली, घरच्या पीसीवरूनसुद्धा चालेल म्हणाला. आवाज मोबाइल फोनच्या जीएसएम पद्धतीने दाबून सेकंदाला १३ किलोबिटच्या आसपास बसवलेला, त्यामुळे डायल-अपवरपण भागायचं, लाइन टिकली तर.

काम सोपंय. गावातल्या कुणाकडे तरी रेडिओ कॉम्प्युटरला जोडलेला असतो, त्याला लिंक म्हणतात, आपण हँडीच्या कीपॅडवरून लांबच्या स्टेशनचा नोड नंबर (जाळ्यातला त्याचा फोन नंबरच म्हणा) टोनने पाठवायचा, तिकडचा रिपीटर उघडतो आणि तिथली लोकल गडबड आपल्या कानात. रेडिओचा प्रवास म्हणाल तर इकडे चार-पाच किलोमीटर, तिकडे तेवढाच, मधलं सगळं इंटरनेट.

यावरून जुन्या मंडळींची कुरकुर की हा रेडिओच नव्हे. मला ते अर्धंच पटतं. डीएक्सची, म्हणजे थेट हवेतून लांबचं स्टेशन पकडायची, मजा यात नाही हे खरं, पण अमेरिकेत रिपीटरला टेलिफोनची लाइन जोडायचे त्याला तर इंटरनेटच्याही आधीपासूनची वर्षं झाली, तेव्हा कुणी धर्म बुडाला म्हणलं नव्हतं. पुढे जिम डिक्सनने अ‍ॅस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवरच ऑलस्टार हे असंच रिपीटर जोडायचं जाळं उभं केलं, म्हणजे गाडी परत फोनवरच!

एक मात्र आहे, ॲप फुकट असलं तरी इकोलिंक लायसन तपासल्याशिवाय आत घेत नाही, कारण आपण बोललेलं लांब कुणाच्या तरी रिपीटरवरून हवेत जाणार असतं. म्हणजे आधी एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसनची, परीक्षा, मग कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव), मग मेलबर्न.