मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी का चढतं?

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. मग मुलांना सांगितलं जातं : ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणून पाणीही एक पंचमांश चढलं.’ हिशोब झकास, पण चुकीचा.

ऑक्सिजन संपत नाही. तो साधारण 16 टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. शिवाय जो खर्च होतो, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

खरं कारण उष्णता. ज्योतीने हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. आतला दाब घटला की बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ज्योतीतून आलेली वाफ गार काचेवर पाणी होते, तिचाही हातभार लागतो.

पडताळून पाहा. पाणी 1 सेंटीमीटर आणि रंगीत असू द्या, कमी पडलं तर कडेखालून हवा शिरते. काठ ताटलीला घट्ट चिकटला तर पाणी आत जातच नाही. त्याखाली दोन नाणी ठेवा. ग्लास टेकवताना कडेशी बुडबुडे दिसतात का? मुख्य चढ ज्योत विझल्यानंतरच येतो, हेही मुलांनाच हेरू द्या. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा : ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. पेटवायचं काम मोठ्यांचं.